मनाची मशागत : नागसेनवनाने दिलेला रोजचा पाठ

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली आज संसाराला, नोकरीला आणि चळवळीला लागली आहेत. कुणी वाळूजच्या कारखान्यात पाळीने काम करतात, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, कुणी रुग्णालयात रात्रपाळी करतात. भेटीला आले की क्षेमकुशल होते, आणि थोड्या वेळाने एक वाक्य हमखास कानी पडते : ‘सर, सगळे ठीक आहे, पण मन थकते.’ पालकांकडूनही हेच ऐकू येते. या लेखाचा विषय हाच थकवा आहे. मनाला दररोज ताजेपणा देणारी, पैसा न लागणारी, कुणालाही जमेल अशी एखादी साधी सवय आपल्या परंपरेत आहे काय, आणि असल्यास ती आपल्या विचाराला धरून आहे काय, याचा अभ्यास येथे करावयाचा आहे.

थकवा कशाचा?

अंग दमले की झोप लागते. मन दमले की पुष्कळदा झोपच उडते. दिवसभर उसाची मोळी वाहणारा माणूस रात्री गाढ झोपतो. हप्त्याची तारीख, मुलाचा निकाल, वरिष्ठाचा टोमणा आणि हातातल्या मोबाईलवर सतत येणारे निरोप यांत अडकलेल्या माणसाचे अंग अंथरुणावर असते, मन मात्र कामावरच असते. आपण मोबाईल रोज रात्री आठवणीने चार्जिंगला लावतो. मनाची तशी सोय आपण केलेली नसते. दूरदर्शनसमोर बसणे किंवा बोटाने पडदा सरकवीत राहणे ही विश्रांती वाटते खरी, परंतु तेव्हाही मनावर नवा भार पडतच असतो.

मनाच्या या अवस्थेचे अतिशय नेमके वर्णन पाली वाङ्मयात आहे. मनाला झाकोळणाऱ्या पाच गोष्टींना तेथे ‘नीवरण’ म्हटले आहे : हाव, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता आणि शंकाकुलता. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात या पाचांना पाच उपमा दिल्या आहेत. हाव म्हणजे कर्ज, द्वेष म्हणजे आजार, सुस्ती म्हणजे तुरुंग, अस्वस्थता म्हणजे दास्य आणि शंका म्हणजे ओसाड, भयाची वाट. मराठवाड्यातील माणसाला या उपमा समजावून सांगाव्या लागत नाहीत. कर्ज फिटल्यावर घरी परतणाऱ्या माणसाच्या पावलांत जो हलकेपणा असतो, तोच हलकेपणा नीवरणे दूर झालेल्या मनात असतो, असे तथागत सांगतात. मनाचे ताजेपण म्हणजे काही गूढ अनुभव नव्हे. ओझे उतरल्यावर जे उरते ते ताजेपण.

मिलिंदाचा प्रश्न, नागसेनाचे उत्तर

उस्मानपुऱ्यातून छावणीच्या दिशेने निघाले की नागसेनवन लागते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे बाबासाहेबांनी महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव दिले आणि परिसराला ‘नागसेनवन’. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. वादात कुणालाही हरविणारा हा राजा भिक्खू नागसेनासमोर आला, त्याने प्रश्नांमागून प्रश्न विचारले आणि उत्तर पटल्यावर ते मोकळेपणाने मान्य केले. ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ या संवादाचा आहे. विद्यार्थ्याने कसे असावे, याचा आदर्श बाबासाहेबांनी शिक्षणसंस्थेच्या नावातच घालून ठेवला. हे नाव आपण हजारदा उच्चारतो. त्या ग्रंथात मनाविषयी काय म्हटले आहे, इकडे मात्र आपले लक्ष कमी जाते.

राजा विचारतो, लक्ष देणे आणि प्रज्ञा यांत भेद काय? नागसेन उलट विचारतात, जव कापणारे कसे कापतात, महाराज? राजा सांगतो, डाव्या हाताने मूठ धरतात आणि उजव्या हातातील विळ्याने कापतात. नागसेन म्हणतात, तसेच हे आहे. लक्ष देणे म्हणजे मूठ धरणे, प्रज्ञा म्हणजे विळा. आपल्याकडे गव्हाची कापणी केलेल्या कोणत्याही बाईला विचारा. विळा कितीही धारदार असो, डाव्या हाताची मूठ सैल असेल तर कापणी होत नाही, उलट बोट कापते. आपल्या मुलांची बुद्धी धारदार आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. सैल पडते ती मूठ.

दुसऱ्या एका ठिकाणी नागसेन स्मृतीची, म्हणजे जागरूकतेची, तुलना चक्रवर्ती राजाच्या भांडारपालाशी करतात. हा भांडारपाल सकाळी आणि संध्याकाळी राजाला त्याच्या वैभवाची आठवण करून देतो. स्मृतीसुद्धा मनाला कुशल काय आणि अकुशल काय याची आठवण देते. ‘सकाळी आणि संध्याकाळी’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. भांडारात किती आहे हे वर्षातून एकदा मोजून चालत नाही. मनाचेही तसेच आहे.

राहुलाला दिलेले दोन पाठ

निवासी शाळेच्या वाचकांना राहुलाची कथा विशेष जवळची वाटावी. परंपरेनुसार राहुल सात वर्षांचा असताना संघात आला. घरापासून दूर, मोठ्यांच्या शिस्तीत वाढणारा तो एक मुलगाच होता. मज्झिमनिकायात त्याला दिलेले दोन उपदेश आहेत.

पहिल्या उपदेशात तथागत त्याला विचारतात, राहुला, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे तो उत्तरतो. तसेच कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पुन्हा पुन्हा पाहावे, ती स्वतःला वा दुसऱ्याला दुःख देणारी आहे काय याची तपासणी करावी, असे ते सांगतात. हा उपदेश किती मोलाचा मानला गेला याला शिलालेखाचा पुरावा आहे. राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या लेखात सम्राट अशोकाने सात धम्मग्रंथांची नावे कोरली आहेत. त्यांत असत्याविषयी राहुलाला केलेला उपदेश आहे. भिक्खू-भिक्खुणींनीच नव्हे, तर उपासक-उपासिकांनीही हे ग्रंथ वारंवार ऐकावेत आणि त्यांवर मनन करावे, अशी इच्छा अशोकाने तेथे व्यक्त केली आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे विशेष वाटते. साम्राज्याच्या व्यापातला एक राजा संसारी माणसांना रोजच्या मननाचा पाठ दगडावर लिहून देतो.

दुसऱ्या उपदेशात राहुलाला आनापानस्मृती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे जागरूकपणे पाहणे, शिकविले आहे. त्याआधी तथागत सांगतात, राहुला, पृथ्वीसारखे मन कर. पृथ्वीवर लोक स्वच्छ वस्तू टाकतात, घाणही टाकतात, म्हणून ती खिन्न होत नाही.

येथे थांबून विचार करणे आवश्यक आहे. शतकानुशतके ज्यांच्यावर अपमान फेकला गेला, त्यांना ‘पृथ्वीसारखे सोसा’ असे सांगणे हा अन्यायच ठरेल. परंतु उपदेशाचा अर्थ तो नव्हे. घाण टाकणाऱ्याला अडवू नकोस, असे तथागत म्हणत नाहीत. त्या घाणीने तुझे मन घाण होऊ देऊ नकोस, असे ते म्हणतात. अपमानाविरुद्ध उभे राहायचेच आहे. मात्र रात्रभर तो अपमान उगाळून सकाळी थकलेला माणूस आणि शांत झोपून उठलेला माणूस यांपैकी अर्ज नीट कोण लिहील, कायद्याचे कलम नीट कोण वाचील, साक्ष ठामपणे कोण देईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

ध्यान ही पळवाट आहे काय?

आपल्या समाजात हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि तो रास्त आहे. डोळे मिटून बसल्याने जमीन मिळत नाही, आरक्षणाची रिक्त पदे भरली जात नाहीत, गावकुसाबाहेरची वस्ती आत येत नाही. विद्यापीठाच्या नामांतरासाठी या शहराने सोळा-सतरा वर्षे लढा दिला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. तो केवळ बसून झालेला नाही.

याविषयी बाबासाहेबांचे म्हणणे काय आहे? ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी समाधी आणि सम्यक समाधी यांत स्पष्ट भेद केला आहे. नुसत्या समाधीत नीवरणे तात्पुरती थांबतात, मनाला कायमचे वळण लागत नाही, म्हणून ती अपुरी आहे. सम्यक समाधी मनाला एकाग्र करते आणि त्या एकाग्रतेत कुशल कर्माचा विचार करावयास लावते. अशा अभ्यासाने मनाची अकुशलाकडे धावण्याची सवय मोडते आणि चांगल्याचाच विचार करण्याची सवय जडते. बावीस प्रतिज्ञांमध्येही अष्टांगिक मार्गाच्या आचरणाची प्रतिज्ञा आहे, आणि सम्यक स्मृती व सम्यक समाधी ही त्या मार्गाचीच अंगे आहेत. म्हणजे मनाचा अभ्यास बाहेरून आलेला नाही. तो १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्या आजी-आजोबांनी घेतलेल्या प्रतिज्ञेचाच एक भाग आहे.

यावरून आपल्याला कसोटी मिळते. बसल्यानंतर उठून आपण काय करतो, हे पाहावे. जो अभ्यास माणसाला शेजाऱ्याच्या दुःखाविषयी उदासीन करतो, तो बाबासाहेबांच्या अर्थाने सम्यक नव्हे. ज्या अभ्यासाने शांतता मिळते आणि ती शांतता कुशल कर्माकडे वळते, तोच आपला.

लेण्यांतील गृहस्थ

‘हे भिक्खूंचे काम, आमच्यासारख्या संसारी माणसांचे नव्हे,’ असेही पुष्कळ जण म्हणतात. त्यांनी एकदा विद्यापीठामागच्या डोंगरातील लेणी पाहावीत. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्यातील बुद्धमूर्तीसमोर माणसाच्या आकाराच्या मूर्ती गुडघे टेकून बसलेल्या आहेत. ते भिक्खू नाहीत. अंगावर दागिने आणि डोक्यावर केसांची बांधणी असलेले ते गृहस्थ स्त्री-पुरुष आहेत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी याच परिसरातील शिल्पकाराने संसारी माणसांना भगवंतांसमोर स्थिर बसलेले कोरून ठेवले. घरदार असणारी माणसेही शांत बसत होती, याची साक्ष आपल्या शहराच्या डोंगरात आहे.

ज्यांना बसणे जमत नाही, त्यांच्यासाठीही परंपरेत सोय आहे. तिला चंक्रमण म्हणतात. एका ठरावीक अंतरात सावकाश, पावलांकडे लक्ष ठेवून येरझारा घालणे म्हणजे चंक्रमण. अंगुत्तरनिकायात तथागतांनी त्याचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना मिळविलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. दिवसभर यंत्रासमोर किंवा संगणकासमोर बसणाऱ्याला याहून सोपा उपाय कोणता?

दहा मिनिटांचा पाठ

वरील अभ्यासातून आपल्या घरी बसेल असा एक छोटा पाठ मांडतो. त्याचे चार भाग आहेत.

पहिला भाग, आसन. जागा आणि वेळ ठरवावी. सायंकाळच्या वंदनेनंतरची वेळ उत्तम, कारण वंदना आपल्या घरात आधीच आहे. तिला जोडून घेतल्यास नवी आठवण ठेवावी लागत नाही. पाळीने काम करणाऱ्यांनी कामावर निघण्यापूर्वीची वेळ घ्यावी. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. खाली किंवा खुर्चीवर, पाठ ताठ पण अंग सैल ठेवून बसावे.

दुसरा भाग, श्वास, पाच मिनिटे. नाकाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहावा. तो लांबवू नये, रोखू नये. मन निसटेल, ते निसटणारच. निसटल्याचे ध्यानात आले की चिडू नये, पुन्हा श्वासावर यावे. मूठ सुटते आणि पुन्हा धरली जाते, हाच अभ्यास आहे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हे शरीरशास्त्र सांगते. शांत श्वासाने अंगही शांत होण्यामागे हे एक कारण आहे.

तिसरा भाग, मैत्री, दोन मिनिटे. प्रथम स्वतःचे, मग घरच्यांचे, मग सहकाऱ्यांचे आणि शेवटी ज्याच्याशी बिनसले आहे त्याचे कल्याण चिंतावे. शेवटचे कठीण आहे. जमेल तेवढेच करावे.

चौथा भाग, आरसा, तीन मिनिटे. राहुलाला दिलेला पाठ येथे आठवावा. आज माझ्या बोलण्याने वा वागण्याने कुणाला दुःख झाले काय? आज माझ्या हातून कोणते कुशल कर्म झाले? उद्या एक कोणते करीन? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत एका ओळीत लिहावे. आईला दवाखान्यात नेणे, शेजारच्या मुलीचे गणित तपासणे, ग्रामसभेला जाणे, थांबलेला अर्ज पूर्ण करणे. बाबासाहेबांनी सांगितलेली सम्यक समाधी येथे कागदावर उतरते.

घरात एकच खोली असेल, स्वयंपाक, पाणी, लहान मूल यांतून सुटका नसेल, अशा माता-भगिनींनी दहा मिनिटांचा हट्ट धरू नये. पाण्याचा हंडा भरेपर्यंत पाच श्वास पाहणे हासुद्धा अभ्यास आहे. त्याच वेळी घरातील पुरुषांनी एक गोष्ट करावी. रोज दहा मिनिटे मूल सांभाळून पत्नीला बसू द्यावे. त्यांच्या मैत्रीभावनेची परीक्षा तेथेच होईल.

मुलांविषयी सावधानता

१९६९ साली सत्यनारायण गोयंका म्यानमारहून भारतात आले. पुढे इगतपुरीच्या धम्मगिरीतून विपश्यनेचा प्रसार झाला, आणि महाराष्ट्रातील शाळांत ‘मित्र उपक्रम’ या नावाने आनापान शिकविले जाऊ लागले. पश्चिमेतही १९७९ पासून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी जागरूकतेचा अभ्यास रुग्णांसाठी सुरू केला. परंतु केवळ प्रसाराने भारावून जाऊ नये. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. सरसकट सर्व वर्गाला असा अभ्यास शिकविल्याने मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या अध्यापनापेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही. बहुतेक मुलांनी वर्गाबाहेर तो फारसा केलाच नव्हता. मात्र शिक्षकांच्या थकव्यात काही फरक पडल्याचे आढळले.

यातून मी एक गोष्ट घेतो. मुलांवर सक्ती करू नये, आधी मोठ्यांनी बसावे. आईवडील मोबाईलवर आणि मूल ध्यानाला, असे घरात चालणार नाही. मुलांना तीन-चार मिनिटे पुरेत. ज्याला नको असेल त्याला व्हरांड्यात चंक्रमण करू द्यावे.

सोण नावाचा एक भिक्खू इतक्या जिद्दीने चंक्रमण करी की त्याच्या पायांतून रक्त येई. तथागतांनी त्याला विचारले, तू पूर्वी वीणा वाजवीत होतास. तारा फार ताणल्या तर स्वर निघतो काय? फार सैल सोडल्या तर? नीट जुळलेल्या तारेवरच वीणा वाजते. स्पर्धा परीक्षांच्या या काळात आपल्या मुलांच्या तारा फार ताणल्या गेल्या आहेत. हा पाठ त्यांच्यावर आणखी एक ताण होऊ नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. हा अभ्यास औषध नव्हे. अनेक आठवडे उदासी असेल, झोप-भूक गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. मनाचा आजार सांगण्यात कमीपणा नाही. तथागतांनी द्वेषाला आजाराची उपमा दिली, आणि आजार लपवून बरा होत नसतो.

स्वाध्याय

या शाळेची रीत अशी की पाठ संपला की प्रश्न असतात. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी पुढील प्रश्न आपल्या वहीत सोडवावेत.

१. पाच नीवरणांपैकी आज माझ्या मनावर सर्वांत जास्त भार कोणत्या नीवरणाचा आहे?

२. माझ्या दिवसातील कोणती दहा मिनिटे मी कुणाचेही नुकसान न करता मोकळी करू शकतो?

३. माझ्या घरात अशी दहा मिनिटे कुणाला मुळीच मिळत नाहीत, आणि ती मिळावीत म्हणून मी कोणते काम स्वतःकडे घेईन?

४. गेल्या आठवड्यात वहीत लिहिलेल्या कुशल कर्मांपैकी किती प्रत्यक्षात आली?

या प्रश्नांची उत्तरे मला दाखवावयाची नाहीत. शाळेत पुन्हा याल तेव्हा चौथ्या उत्तराविषयी मात्र अवश्य सांगा. ते ऐकावयास मला आवडेल.

नमो बुद्धाय. जय भीम.